प्रॉडक्ट मॅनेजर दिवसभर नक्की करतो काय? कोडिंग सोडून तिकडे जावं का?

फेज_तीन_चा_रहिवासी

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवा होता. मी पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत जावावर काम करतो, पाच वर्षं होत आली. खरं सांगायचं तर कोडिंगचा कंटाळा आलाय, दुसऱ्याने लिहिलेल्या तिकिटावर (म्हणजे नेमून दिलेल्या कामाच्या नोंदीवर) काम करायचं, ते का करतोय विचारलं तर "क्लायंटने सांगितलंय". म्हणून आता प्रॉडक्ट मॅनेजर व्हावं असं डोक्यात घोळतंय.

पण जो भेटतो तो वेगळंच सांगतो. रूममेट म्हणतो पीएम म्हणजे त्या प्रॉडक्टचा छोटा सीईओच, सगळे निर्णय तोच घेतो. टीममधला सिनियर म्हणतो की ते लोक नुसते मीटिंगा करतात आणि पीपीटी बनवतात, डोक्याला ताप नाही आणि पगार आपल्यापेक्षा जास्त. घरी वडिलांना सांगितलं तर ते खूश, म्हणाले मॅनेजर झालास म्हणजे हाताखाली माणसं आली, आता लग्नाचं बघायला हरकत नाही 😅. यूट्यूबवर एक जण सांगतो की भन्नाट आयडिया सुचायला पाहिजेत बस, आणि खाली त्याच्या कोर्सची लिंक, फी दीड लाख.

तर प्रश्न असे की खरंच निर्णय घ्यायला मिळतात का, कोडिंग पूर्ण सुटतं का, एमबीए नसेल तर चालतं का, आणि रोजचं काम नक्की काय असतं. जे स्वतः करतात त्यांनी सांगा प्लीज, ऐकीव नको.

---

पेंडीचं_पोतं

मी करते हे काम, म्हणून लिहिते. आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संस्थांत चालतं, कोल्हापूर सांगली साताऱ्याकडे जास्त. शेतकरी सकाळ संध्याकाळ दूध घालतो, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं, त्यावरून दर लागतो, दहा दिवसांनी बिल. हे सगळं कॉम्प्युटरवर नोंदवणारं आमचं प्रॉडक्ट. हे ऐकून पार्टीत कोणी इंप्रेस होत नाही ते सोडा.

भन्नाट आयडियांचं आधी सांगते. आयडिया सगळ्यांकडे असतात, चेअरमनकडे असतात, आमच्या डायरेक्टरकडे असतात, सेल्सच्या पोरांकडे तर रोज दोन. त्यात एक जोरात होती की शेतकऱ्यासाठी मोबाईल ॲप काढायचं, त्यात दुधाचा ग्राफ, हवामान, जनावरांचे सल्ले वगैरे. स्क्रीन पण सुंदर बनवल्या होत्या डिझायनरने. मी काय केलं तर पहाटे संस्थेत जाऊन उभी राहिले, एका नाही बऱ्याच गावांत. दूध घालायला येतात त्यात निम्म्याहून जास्त बाया आणि शाळेतली पोरं. आणि संस्थेच्या रजिस्टरला नंबर कोणाचा, तर चाकणला कंपनीत असलेल्या मुलाचा. म्हणजे आईने दूध घालायचं आणि फॅट किती लागला हे मुलाला चाकणमध्ये कळायचं. ग्राफ कोणाला दाखवणार होतो आपण?

बायांना विचारलं तर दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, आजचा फॅट आणि दर कागदावर, म्हणजे घरी दाखवता येतो आणि सचिवाशी भांडता येतं. दुसरी, बिलातून पेंडीचे आणि उचलीचे पैसे कापले तर किती कापले आणि किती राहिले. ॲप तेव्हा बाजूला ठेवलं, कपातीची ओळ पावतीवर आणली. डायरेक्टर दोन महिने नाराज होते कारण त्यांनी ॲप कुठेतरी भाषणात जाहीर करून टाकलं होतं. तर हा "निर्णय घ्यायला मिळतो का" याचा एक नमुना. निर्णय माझ्या सहीने झाला नाही, मी पहाटेचे व्हिडिओ दाखवले, रजिस्टरचे फोटो दाखवले, सपोर्टला येणाऱ्या फोनची यादी दाखवली, आणि तीन मीटिंगांनंतर त्यांनाच वाटलं की ॲप पुढच्या वर्षी बघू.

आता रोजचं काम. एक एसएमएसचं सांगते म्हणजे अंदाज येईल. दूध घातलं की मेसेज जायला हवा, मराठीत. इंग्रजी असेल तर एका मेसेजात १६० अक्षरं बसतात, देवनागरी आली की मर्यादा ७० होते, आणि ७० च्या पुढे गेलं की दोन मेसेजचे पैसे. आणि मोजताना काना मात्रा वेलांटी पायमोडकं सगळं वेगळं मोजलं जातं, "क्षि" चार होतात. आमचा मेसेज असा होता:

सकाळ गाय ८.२ लि फॅट ३.६ एसएनएफ ८.४ दर ३४.१० रु २७९.६२

हे झाले ५३. उरले १७. आता चेअरमन म्हणाले सुरुवातीला "प्रिय दूध उत्पादक" पाहिजेच, शेतकऱ्याचा मान आहे. ते मोजलं तर बरोब्बर १७! पण मध्ये स्पेस द्यावीच लागते, म्हणजे ७१. एका स्पेसपायी प्रत्येक मेसेजचा खर्च डबल, दोन्ही वेळचा, सगळ्या संस्थांचा. वर संस्थेचं नाव पण हवं, आणि नावातलं नुसतं "सहकारी दूध उत्पादक संस्था मर्यादित" एवढंच ३४ होतंय. मग चेअरमनना भेट, सचिवांना भेट, "प्रिय" काढायला तयार केलं, नावाचं छोटं रूप ठरवलं, ते त्यांच्या मिटिंगीत मंजूर करून घेतलं. एवढं झाल्यावर संपलं का, तर नाही. ट्रायच्या (टेलिकॉमवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ च्या नियमांमुळे मेसेजचा मजकूर आधी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर रजिस्टर करावा लागतो, मंजूर मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे केला तरी मेसेज अडकतो. म्हणजे डेव्हलपरने पाच मिनिटांत बदलला तरी उपयोग नाही, परत मंजुरी. हे सगळं कोणी बघायचं? कोडिंगवाला म्हणतो माझं काम नाही, सेल्सवाला म्हणतो माझं नाही, अकाउंट्सवाल्याला बिल आल्यावरच कळतं. जे कोणाचंच नाही ते माझं. छोटा सीईओ वगैरे जे म्हणतात तो एक्सेलमध्ये वेलांट्या मोजत बसलेला असतो.

हाताखाली माणसं शून्य. वडिलांना आत्ताच सांगून ठेवा.

---

रात्रीचा_डिप्लॉय

बॅकएंड डेव्हलपर आहे, पीएमच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

पीएमबद्दल आमच्यात जे बोललं जातं ते इथे लिहिलं तर ॲडमिन पोस्ट उडवेल. "छोटासा चेंज आहे रे" हे वाक्य ऐकलं की माझं बीपी वाढतं. एकदा एकाने सांगितलं की ग्राहकाला मोबाईल नंबर बदलता आला पाहिजे, फक्त एक बटण. अरे बाबा नंबर म्हणजेच लॉगिन आहे, जुन्या नंबरवर ओटीपी जाणार की नव्यावर, सिम हरवलं असेल तर, तो नंबर टेलिकॉमवाल्याने दुसऱ्याला दिला असेल तर त्या दुसऱ्याला याचं खातं दिसणार का? यातला एकही प्रश्न त्याने विचारलेला नव्हता. सगळे आम्ही विचारले आणि मग तो म्हणाला "टेक्निकल लोक नेहमी अडचणी सांगतात".

पण आत्ताची पीएम आहे ती सोन्यासारखी आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगतो. तिला कोड लिहिता येत नाही पण डेटाबेसवर क्वेरी स्वतः मारते, आमच्याकडे आकडे मागत बसत नाही. सेल्सने डेमोत काहीतरी कबूल करून टाकलं की आमच्यापर्यंत यायच्या आधी ती त्यांना थांबवते. गेल्या दिवाळीआधी एका मोठ्या कस्टमरला रिपोर्टचे सगळे कॉलम हवे तसे हलवता यायला पाहिजे होते, नाहीतर रिन्यू करणार नाही म्हणे. ही त्यांच्या ऑफिसात जाऊन बसली, तो रिपोर्ट नक्की कोण वापरतं ते शोधलं, तर एक अकाउंटंट बाई, तिला एकच कॉलम पुढे हवा होता कारण तिथून ती टॅलीत टाईप करायची. आमचं दीड महिन्याचं काम वाचलं, अर्ध्या दिवसात झालं, कस्टमर पण राहिला. सगळं मीटिंगांतच झालं बरं का, त्यामुळे "नुसत्या मीटिंगा करतात" ते खरंच आहे, फक्त काही लोकांच्या मीटिंगांनी आमचं काम कमी होतं आणि काहींच्या मीटिंगांनी वाढतं.

@पेंडीचं_पोतं, ते गाय ५३ झालं, म्हशीचं किती?

---

पेंडीचं_पोतं

५५. मोजून ठेवलंय 😄 आणि तो नंबर बदलायचा किस्सा आमच्याकडे पण झालाय, चाकणचा मुलगा.

---

टी_प्लस_वन

मी पेमेंटमध्ये आहे, यूपीआयच्या बाजूला. वरच्या ताईंनी मस्त लिहिलंय, त्यात एकच भर घालतो, की पीएमला निर्णय स्वतःच्या मर्जीने घ्यायचे असतात हा जो समज आहे ना त्याच्याबद्दल.

आमच्याकडे सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची तर पेंडिंगची. पेमेंट झालं तर हिरवी टिक, फेल झालं तर लाल, ही दोन सोपी. तिसरी अवस्था म्हणजे पैसे खात्यातून गेले आणि समोर पोचले की नाही ते आत्ता कोणालाच माहीत नाही, बँकेलाही नाही. ग्राहक दुकानात उभा, मागे रांग, दुकानदार त्या बोलणाऱ्या डब्याकडे बघतोय, डबा गप्प. आता त्या स्क्रीनवर काय लिहायचं? "पुन्हा प्रयत्न करा" बटण दिलं तर माणूस दोनदा पैसे भरतो आणि पहिले पण नंतर पोचतात. बटण नाही दिलं तर तो उभाच राहतो आणि शिव्या आपल्या ॲपला. "पैसे परत येतील" लिहावं तर ते खरं असेलच असं नाही, कारण पाच मिनिटांनी पोचले तर? कधी परत येणार याचेही नियम आहेत, आरबीआयचं सप्टेंबर २०१९ चं सर्क्युलर आहे, माणसाने माणसाला पाठवलेले समोर जमा झाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवस, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. मग त्या दोन ओळींच्या मजकुरासाठी लीगल वेगळं सांगतं, सपोर्टवाल्यांना तक्रार नंबर दिसायला हवा असतो, डिझायनरला वाटतं एवढं लिहिलं तर कोणी वाचणार नाही (ते बरोबरच आहे), आणि इंजिनियर विचारतो स्टेटस किती सेकंदांनी परत तपासू. यातलं कोणीच मला रिपोर्ट करत नाही. मी कोणाला आदेश देऊ शकत नाही, कोणाचं अप्रेझल माझ्या हातात नाही, आणि स्क्रीन चुकली तर मेल मात्र मला येतो.

जाता जाता, ही भानगड सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलेली नाही. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकएलरॉय नावाचा माणूस कॅमे साबणाचं काम बघायचा, कंपनीचाच आयव्हरी साबण तेव्हा मोठा त्यामुळे याच्या साबणाकडे कोणाचं लक्ष नाही, वैतागून त्याने वर मेमो लिहिला की एकेका ब्रँडमागे स्वतंत्र माणसं लावा. त्या माणसांनी काय करायचं तेही लिहिलं होतं, माल कुठे किती जातोय त्याचे आकडे बघा, जिथे खपत नाही तिथे स्वतः जा, दुकानदारांशी गिऱ्हाइकांशी बोला. साबणाच्या जागी ॲप टाका, माझं कालचं काम तेच होतं. तो पुढे १९५७ ला अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला, पण तेवढी अपेक्षा ठेवून कोणी या लाईनीत येऊ नका.

---

फेज_तीन_चा_रहिवासी

बाप रे, एवढं सविस्तर येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. वेलांट्या मोजणं वाचून हसलो आणि मग लक्षात आलं की मला हेच आवडेल कदाचित.

एक राहिलं. मला सध्या एका परदेशी बँकेच्या पुण्यातल्या सेंटरमधून कॉल आलाय, पद "प्रॉडक्ट ओनर". माझ्या सध्याच्या कंपनीत पण पीएम आहेत पण ते प्रोजेक्ट मॅनेजर निघाले, डेट आणि बिलिंग बघतात. मग हा ओनर म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरच ना? आणि तो कोर्स करू का नको?

---

खराडी_ते_घर_दोन_तास

तुझ्या प्रश्नाला माझ्याइतकं योग्य उत्तर कोणी देणार नाही, कारण मी नेमकं हेच केलं आणि परत इंजिनियरिंगला आलो. पश्चात्ताप वगैरे नाही, बघून आलो म्हणू.

अशा सेंटरमध्ये काय होतं तर काय बनवायचं ते बऱ्याचदा लंडन नाहीतर न्यूयॉर्कमध्ये ठरतं. ग्राहक तिकडे, बिझनेसवाले तिकडे, रोडमॅप (पुढे काय काय बनवायचं त्याचा आराखडा) तिकडे. इथे आपण ते तोडून तोडून तिकिटं बनवायची, टीमला समजावायची, संध्याकाळी सातला कॉलवर बसायचं आणि तिकडच्याने "माझ्या डोक्यात जरा वेगळं होतं" म्हटलं की सकाळी टीमला तोंड दाखवायचं. स्क्रम म्हणजे टीमने काम करायची एक ठरलेली पद्धत, तिच्या पुस्तकी नियमात प्रॉडक्ट ओनरला बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, वर काय खाली काय ते ठरवायचा पूर्ण अधिकार असतो. प्रत्यक्षात आमच्याकडे मी क्रम लावायचो आणि रात्री तिकडून कोणीतरी येऊन बदलायचा. मी एकाही खातेदाराला कधी भेटलो नाही, बोललोही नाही. दुसऱ्याच्या तिकिटावर काम करायचा तुला कंटाळा आलाय ना, तिथे तू दुसऱ्याच्या ईमेलवरून तिकिटं लिहिशील.

सगळी सेंटर अशीच असतात असं नाही हं, माझ्या मैत्रिणीच्या सेंटरमध्ये एक पूर्ण प्रॉडक्ट पुण्यातूनच चालतं, तिला तिकडच्या कस्टमरशी थेट बोलायला मिळतं. त्यामुळे इंटरव्ह्यूत तूच विचार. गेल्या तीन महिन्यांत टीमने कोणती गोष्ट करायला नकार दिला आणि तो कोणी दिला? वापरणाऱ्याशी शेवटचं कोण बोललं, कधी? रोडमॅप बदलायला कोणाची परवानगी लागते? समोरचा अडखळला तर समजून जा. पगाराचं म्हणशील तर माझ्या वेळी इंजिनियर म्हणून जेवढा मिळत होता जवळपास तेवढाच होता, आणि त्याच लेव्हलचा चांगला बॅकएंडवाला माझ्यापुढे होता. जास्त असतो ते काही ठिकाणी खरं आहे पण सरसकट नाही.

मी परत का आलो तर मला दिवसाच्या शेवटी काहीतरी चालू झालेलं बघायला आवडतं. पीएमच्या कामात दिवसभर राबून संध्याकाळी हातात काय, तर चार लोक एकाच गोष्टीवर तयार झाले. तेही उद्या फिरणार. काहींना त्यातच मजा येते, मला नाही आली.

---

पेंडीचं_पोतं

मला येते मजा 🙂 पण त्यांचं बरोबर आहे, ज्याला नाही येत त्याने उगीच पदासाठी येऊ नये.

एमबीए नाही माझं, बीएस्सी ॲग्री आहे. काही कंपन्या मागतात, विशेषतः कॅम्पसवरून घेताना, पण पाच वर्षं काम केलेल्याला आहे त्याच कंपनीत आत हलणं जास्त सोपं जातं, कारण प्रॉडक्ट आणि माणसं आधीच माहीत असतात. तुमची सर्व्हिस कंपनी आहे, प्रॉडक्ट क्लायंटचं, म्हणून ते अवघड, मग आधी एखाद्या प्रॉडक्ट कंपनीत इंजिनियर म्हणूनच जा आणि तिथून सरका. वेळ जाईल पण पगार तुटणार नाही.

दीड लाख घालवू नका. कोर्समध्ये शब्द शिकवतात, ते शब्द इंटरव्ह्यूत लागतात हे मान्य, पण ते फुकट पण मिळतात. त्यापेक्षा एक करा. आत्ता ज्या क्लायंटचं काम करताय त्याच्या सपोर्टला आलेल्या तक्रारी मागून घ्या, शंभरेक वाचा, सगळ्या, कंटाळा आला तरी. मग त्यातली एक निवडा आणि एका पानात लिहा की हा त्रास कोणाला होतो, तो माणूस आत्ता काय जुगाड करून भागवतो, आपण काय बदलायचं, आणि मुख्य म्हणजे काय काय करायचं नाही आणि का नाही. ते पान तुमच्या टीममधल्या सगळ्यात खडूस डेव्हलपरला दाखवा. वरती नंबर बदलण्याबद्दल जसे प्रश्न विचारलेत तसे तो विचारेल. उत्तरं शोधून परत लिहा. हे तीन चार वेळा केलंत आणि तरी बसावंसं वाटलं तर या इकडे.

---

रात्रीचा_डिप्लॉय

सगळ्यात खडूस डेव्हलपर म्हणून मी उपलब्ध आहे, पाठव पान. शनिवारी बघतो, शुक्रवारी रिलीज आहे.

---

फेज_तीन_चा_रहिवासी

पाठवतो नक्की. तक्रारींचा ॲक्सेस मागितलाय, लीडने विचारलं तुला कशाला हवाय. ओनरवाल्या इंटरव्ह्यूला पण जातोय गुरुवारी, ते तीन प्रश्न लिहून घेतलेत. वडिलांना अजून काही सांगितलं नाहीये.